चार ताटल्यांची डिस्क

माझ्या शेजारच्या दुकानदाराला सगळे ताटलीवाला म्हणायचे. कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्क विकणं आणि बिघडलेल्या दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. डिस्क उघडली की आत चकचकीत गोल ताटल्या निघतात, आपण साठवलेलं सगळं त्यांच्यावरच असतं. निकामी ताटल्या त्याने दोरीत ओवून दारात टांगल्या होत्या. माझ्याकडे झेरॉक्सला येणारी प्रत्येक बाई आधी त्यांत बघून केस सारखे करायची, मग कागद काढायची.

गिऱ्हाइकाने नुसतं विचारावं, "कुठली घेऊ हो?" की गाडी सुटली याची. दोन डिस्क शेजारी शेजारी ठेवायचा.

"ही एका ताटलीची. मिनिटाला पाच हजार चारशे फेरे. गरीब गाय. आणि ही चार ताटल्यांची, सात हजार दोनशे फेरे. कामाला चपळ, पण तापणार, कुरकुरणार. घरात चार भांडी असली की वाजणारच! आणि मोटर अडकली तर? एकटी ताटली मी उचलून दुसऱ्या डिस्कमध्ये बसवीन. या चौघींना मात्र एकत्रच उचलावं लागतं. एक जरी केसभर सरकली तरी संपलं, मग कुणाचा बाप आला तरी वाचता येणार नाही."

"अहो, डिस्क घ्यायचीय त्यांना, लग्न नाही ठरवायचंय," मी इकडून ओरडायचे.

मागच्या रस्त्यावरच्या गोदामाच्या मालकानेही हे सगळं ऐकलं होतं. कॅमेऱ्यांच्या कॉम्प्युटरसाठी त्याला डिस्क हवी होती. "मोठी द्या, फास्ट द्या, प्रवचन नको," म्हणाला आणि चार ताटल्यांची घेऊन गेला.

त्याच गोदामात ताटलीवाल्याचा धाकटा भाऊ मालाच्या लिफ्टवर कामाला होता. एका सकाळी ती लिफ्ट त्याच्या अंगावर आली. माणूस जागीच गेला. आणि मालकाने काय सांगावं? "प्यायलेला होता. झोकांड्या खात स्वतःच खाली शिरला."

अरे मेल्या, जीभ कशी झडली नाही तुझी! खोकल्याच्या औषधाचाही वास आला तर बाटली परत ठेवणारा माणूस तो.

त्याची बायको रडली, पण तेवढ्यापुरतीच. नंतर तिने एकच गोष्ट धरून ठेवली. "कॅमेऱ्यात दिसेल सगळं. ते सरळ चालत आले होते, एवढं लोकांना दिसू दे. माझ्या पोरीला शाळेत दारुड्याची म्हणतात."

मालक म्हणाला, त्या गडबडीत कॉम्प्युटर टेबलावरून पडला, डिस्क बंद आहे. पण हवी तर न्या. "तुमच्या घरातच कारागीर आहे की," असं वर गोड हसून. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

डिस्कची मोटर अडकली होती. चारही ताटल्या दुसऱ्या डिस्कमध्ये हलवण्यावाचून इलाज नव्हता, आणि ती दुसरी अगदी तशीच हवी. डिस्कच्या अंगावर वेग लिहिलेला असतो, आत किती ताटल्या ते लिहिलेलं नसतं. ताटलीवाला भंगाराच्या गाड्यांवर हिंडला. हातात घेऊन वजन बघायचा, जाडी बघायचा. दिसायला जुळ्या, पण एकीत तीनच ताटल्या निघाल्या. एकीचा वेग कमी. शेवटी मिळाली एकदाची, तेव्हा पोरासारखा हसला. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच.

मी म्हटलं, "मोठ्या लॅबमध्ये पाठवा. चारही ताटल्या एकत्र धरायचं यंत्र आहे त्यांच्याकडे, तुम्हीच सांगता ना?"

"आणि मालकाने तिथे कुणाला गाठलं तर? परक्याच्या हातात नाही देणार."

भावजयही तेच म्हणाली, "भाऊजी, तुमच्या हातून कुठे जाऊ देऊ नका." दोघांपुढे माझं काय चालणार?

त्याने प्लास्टिकचा पाइप उभा चिरून चिमट्यासारखा केला. दोन ताटल्यांच्या डिस्कवर तो एकदा चालला होता. धूळ नको म्हणून पंखा बंद, शटर अर्धं खाली. दिवा माझ्या हातात. भावजय बाहेर बाकावर. त्याने पाइप ताटल्यांभोवती बसवला आणि चारही उचलल्या. मधेच त्याचा हात थरथरला. हजारो डिस्क उघडलेला हात, पण ही भावाची होती. पाइप घसरला. खालची ताटली हलली, एवढीशीच, मला तर दिसलीही नाही.

"गेलं," तो म्हणाला.

बाहेर जाऊन त्याने भावजयीला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. नुसतं बरं. त्यापेक्षा तिने त्याच्या थोबाडीत मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

सरकारी कचेरीत अपघाताची चौकशी झाली तेव्हा मी सोबत होते. साहेबांनी विचारलं, "ताटल्या कुणी हलवल्या?"

"मी."

"मयताचे कोण?"

"सख्खा भाऊ."

मालक हात जोडून उभा राहिला. "बघा साहेब. मी डिस्क जशीच्या तशी दिली होती. घरच्यांनीच पुसली. काहीतरी झाकायचं असेल बिचाऱ्यांना."

मी उठून ओरडले, "अहो, मी दिवा धरला होता, हात थरथरला त्यांचा!" मला खाली बसवलं. शेजारीण बोलणारच, असं कुणीतरी म्हणालं.

कचेरीच्या जिन्यात भावजय थांबली. तिच्या हातात त्याच मोडक्या डिस्कची पिशवी होती.

"भाऊजी, एक विचारू? रागावू नका. तुम्हाला आत काही दिसलं होतं का? ते प्यायले होते... आणि मला कळू नये म्हणून तुम्ही..."

ताटलीवाल्याने तिच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. भाऊ प्यायला नव्हता हे दाखवायला त्याच्याकडे आता काही उरलंच नव्हतं. ती डोळ्यांना पदर लावून एकटीच जिना उतरली.

दुकान तो अजून उघडतो. कुणी विचारलं कुठली घेऊ, तर मान वर न करता म्हणतो, "घ्या कुठलीही."