वाट्याचं पाणी

किस्से साठतात कसे, याचा मी अलीकडे विचार करतो. मला वाटतं, ‘असं नव्हतं हो ते’ म्हणणारी माणसं जसजशी कमी होतात, तसतसे किस्से वाढतात. आमच्या कट्ट्यावर आता मला दुरुस्त करणारं कोणी नाही. त्यामुळे पुढचं सगळं बरोबरच आहे, अशी खात्री मी देत नाही.

कट्टा चंद्रपूरचा, तलावाकाठचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही तिघं रोज सकाळी तिथे बसायचो. देवगडेभाऊ घुग्घुसच्या कोळसा खाणीतून रिटायर झालेले, रहीमभाई कुलर दुरुस्त करणारे आणि मी केमिस्ट्रीचा निवृत्त प्राध्यापक. तिघंही नागपूरहून हृदयाच्या नळ्या दुरुस्त करून आलेलो. तिघांनाही डॉक्टरांनी एकच बजावलं होतं: हृदयाचं आम्ही पाहिलं, पुढची वर्षं किडनीच्या हातात. म्हणून आम्ही भेटल्यावर ‘नमस्कार’ म्हणत नसू. एकमेकांचं क्रिएटिनिन विचारत असू. तो आकडा चढला की किडनी थकली, असा हिशेब.

*

देवगडेभाऊ चालायला घुग्घुसहून मोटारसायकलवर यायचे. घुग्घुसच्या धुळीत चालणं म्हणजे सिमेंट खाणं, असं त्यांचं म्हणणं. पण चालून गुडघे दुखायला लागले, म्हणून ते कोणाला न विचारता दुखण्याच्या गोळ्या घेत राहिले. मग एक दिवस त्यांचा आकडा एकदम चढला. डॉक्टर रागावले.

कट्ट्यावर येऊन भाऊ गुडघे चोळत बसले. मग म्हणाले, “हृदयासाठी चाललो, गुडघ्यासाठी गोळी खाल्ली, अन् मंधात किडनी मेली. मानसानं कोनाकोनाले खुश ठेवाव, सर?”

*

मी तर भित्रा. एका मे महिन्यात रक्त तपासायचं होतं. उपाशीपोटी या, असं लॅबवाल्यानं सांगितलं. उपाशी म्हणजे पाणीसुद्धा नको, असं मी मनानेच ठरवलं. आदल्या संध्याकाळपासून थेंब घेतला नाही. चंद्रपूरचा मे, घरात मी एकटा, कुलर बंद पडलेला. रिपोर्टमध्ये आकडा चढलेला दिसला आणि मी तडक एसटीडी बूथवर गेलो. पुण्याला मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “बाबा, पाणी प्या,” आणि त्याला मीटिंग होती.

देवगडेभाऊ म्हणाले, “जनमभर केमिस्ट्री शिकवली ना तुमी? मंग पान्याले काऊन भेता?”

रहीमभाई हसले नाहीत. त्यांनी त्याच दुपारी येऊन माझा कुलर चालू करून दिला.

*

मग भाऊंनी झाडपाल्याचं मनावर घेतलं. एटापल्लीकडे एक वैदू किडनीची मुळी देतो, असं कोणी तरी सांगितलं होतं. भाऊ जंगलातून धक्के खात तिथवर गेले आणि दोन दिवसांनी रिकाम्या हातानं परतले.

वैदू घरी नव्हता. अँजिओप्लास्टीसाठी नागपूरला गेला होता!

पुढच्या पावसाळ्यात भाऊ गेले. आम्ही दोघं तरीही कट्ट्यावर त्यांची जागा सोडून बसायचो.

*

रहीमभाईंच्या किडन्या तोवर बऱ्याच बिघडल्या होत्या. पाय सुजायचे. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं होतं: सकाळी एक छोटी बाटली भरायची, ती दिवसभर पुरवायची. आणि धंदा कुलरचा! भर उन्हाळ्यात लोकांच्या टाक्या भरून पंप तपासायचे, आणि स्वतः बाटलीच्या टोपणातून घोट घ्यायचे.

एकदा मी विचारलं, त्रास होत नाही का? म्हणाले, “कुलर पानी पेते, मी पाहत रायतो. आवाज तं थंडा येते ना.”

*

भाऊ गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी छाती पुन्हा दुखू लागली. डॉक्टर म्हणाले, अँजिओग्राफी करावी लागेल. पण त्यासाठी नळ्यांत जे औषध सोडतात, त्यानं किडनी बिघडू शकते. नाही केली तर हृदयाची हमी नाही. मी आठवडे घालवले. मुलाला रजा नव्हती. खरं सांगायचं तर, औषधापेक्षा मला दवाखान्यात खोलीबाहेरच्या रिकाम्या बाकाची भीती वाटत होती. पण हे कोणाला सांगणार?

जायच्या सकाळी बस स्टँडवर रहीमभाई उभे होते. डोक्याला रुमाल, हातात ती बाटली. मी म्हणालो, तुम्ही या उन्हात कशाला? ते माझ्या आधी बसमध्ये चढले.

नागपुरात सगळं पार पडलं. शुद्ध तशी गेलीच नव्हती. खाटेवर आणल्यावर सिस्टर म्हणाली, औषध धुऊन जायला हवं, यांना भरपूर पाणी पाजा. तांब्या आणि पेला ठेवून ती गेली.

रहीमभाईंनी पेला भरला. मी प्यायलो. त्यांनी पुन्हा भरला. खिडकीबाहेर ऊन पांढरं झालं होतं. त्यांचे ओठ फुटलेले. बाटलीत तळाशी थोडंसंच उरलं होतं. मी पेला हातात धरून थांबलो. मला पिववेना.

त्यांनी पेल्याच्या बुडाला हात लावून तो माझ्या तोंडाकडे नेला.

“प्या ना, सर. माह्या वाट्याचं बी प्या.”