घड्याळासकट घर

जर्मनीतल्या अख्ख्या नेकारसुल्म गावात भाडेकरूंपेक्षा घड्याळाच्या तब्येतीची जास्त काळजी वाहणारा घरमालक एकच असेल, आणि तो आमच्या वाट्याला आला. त्यांच्या घराण्यानं चार पिढ्या माणसाएवढी उंच, लंबकाची घड्याळं घडवली. स्वतःचं घर भरल्यावर उरलेली घड्याळं त्यांनी भाडेकरूंच्या घरांत उभी केली. मीटफरट्रागवर, म्हणजे भाडेकरारावर, सही करतानाच आम्हाला बजावलं होतं, की भिंतीला खिळे ठोकलेत तरी चालतील, पण घड्याळाशेजारचं दार आपटायचं नाही.

दर शनिवारी सकाळी ते घड्याळाला चावी द्यायला येत. केस नीट विंचरून, बूट दाराबाहेर काढून, जणू मुलगी पाहायला आलेत. आधी डोळे मिटून टिकटिक ऐकत. तेवढ्यात आमच्या कुकरची शिट्टी झाली, की बिचारे पुन्हा पहिल्यापासून ऐकत. एकदा ‘ह्याला सर्दी झालीये’ असं निदान करून त्यांनी घड्याळाच्या यंत्राचे सगळे भाग सुटे करून आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडले, आणि तीन दिवस आम्ही जमिनीवर पंगत मांडून जेवलो. तेही हट्टानं मांडी घालून बसले. आमटी-भात दोनदा घेतला, आणि मग उठता येईना. मी आणि बायकोनं दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं, तर म्हणाले, घड्याळ हलवतानाही असंच धरायचं असतं.

तिसऱ्या दिवशी सगळं जुळलं. राहिली एक बारीक पिन. ती त्यांच्या बोटांतून निसटू लागली. चारदा निसटल्यावर त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसले. आपली मुलगी हॅम्बर्गला विमानांच्या कामात आहे, तिला ह्यात गोडी नाही, हे ते त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. बायको पुढे सरकली. ती मोत्यांचे दागिने ओवते, बोटं सरावलेली. पिन बसली. यंत्र घड्याळाच्या पेटीत चढवलं, लंबक झुलू लागला.

मग त्यांनी पेटीच्या दाराची आतली बाजू दाखवली. तिथे पेन्सिलीनं नावं लिहिली होती: पणजोबांचं, आजोबांचं, वडिलांचं आणि शेवटी त्यांचं. खिशातली पेन्सिल त्यांनी बायकोपुढे धरली.

“मी तर फक्त पिन बसवली,” ती म्हणाली.

“गेनाऊ, अगदी बरोबर. माझ्या वडिलांनी ह्याचे फक्त काटे बदलले होते.”

तिनं देवनागरीत नाव लिहिलं. त्यांना वाचता येईना, म्हणून तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि तिन्ही वेळा चुकीचं उच्चारलं. मग चष्मा पुसत बराच वेळ त्या अक्षरांसमोर उभे राहिले.