कुलूप नसलेली खोली

त्याला धरून आणणारे तिघं रडकुंडीला आले होते. तो मात्र लग्नघरातल्या यजमानासारखा आमच्या ओपीडीत हिंडून प्रत्येकाची विचारपूस करत होता. घसा पार बसलेला, डोळे तांबारलेले, सदऱ्याची बटणं वरखाली. मला पाहताच त्यानं स्टूल पुढे सरकवलं.

“बसा, डॉक्टर. तुम्ही फार दमलेले दिसता. या इस्पितळाची व्यवस्थाच मुळात चुकीची आहे. मी लावून देतो.”

हा शांताराम. लोअर परळच्या एका मिलमध्ये विणकर, गाव मालवणकडे. बायको-मुलं गावी आणि हा लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत. मी तेव्हा परळच्या एका इस्पितळात मनोविकार विभागात ज्युनिअर होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. नाक्यानाक्यावर सभा चालायच्या, मोर्चांवर गोळीबार व्हायचे.

बरोबरच्या तिघांत वयानं मोठे होते तातू परब. खोलीचा कारभार त्यांच्याकडे.

“कधीपासून असं चाललंय?” मी विचारलं.

“तसा म्हयनोभर झालो, डॉक्टरानू. झोप नाय, जेवण नाय. दोन मागां चालवी, तो जॉबराकडे चार मागूक लागलो. काल आपली ट्रंक, घोंगडी, सगळा वाटून टाकल्यान.”

“महिनाभर? मग आज आणलंत?”

तातू ओशाळले. “आमका वाटला, चळवळीचा वारा आसा.”

त्यांना काय बोल लावणार? त्या दिवसांत गिरणगावात कुणाचा घसा बसलेला नव्हता? रात्र-रात्र जागून पत्रकं वाटणारे, जेवणाची शुद्ध नसलेले गल्लोगल्ली होते. शांताराम तर नाक्यावर तासन् तास बोलायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. आजारी माणसाला हारतुरे मिळालेले मी तेवढे एकदाच पाहिले. शेवटी त्यानं जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, बाजूला ढकलून अख्खं खातं आपल्या ताब्यात घेतल्याचं जाहीर केलं, तेव्हा कुठे खोलीला शंका आली.

या अवस्थेला आम्ही मॅनिया म्हणतो. विचार इतके भरधाव सुटतात की तोंड मागे पडतं. झोप नसूनही थकवा नाही, आपल्याला काहीही जमेल अशी खात्री, आणि ‘तू आजारी आहेस’ म्हणणाऱ्याचा राग. आज बायपोलर म्हणतात तो हा आजार. तेव्हा आम्ही मॅनिक-डिप्रेसिव्ह म्हणायचो. जुन्या नावात निदान एवढं तरी कळायचं की याला दुसरं टोक आहे. आजचं लिथियमचं औषध तेव्हा आमच्या हाती नव्हतं. आमच्या विभागप्रमुख साहेबांनी कसाबसा एक पलंग मिळवला, नुकत्याच आलेल्या नव्या गोळ्या दिल्या आणि काही आठवड्यांत शांताराम शांत होऊन मागावर परतला. खोलीनं गावच्या देवाला नारळ कबूल केला होता, तोही पोचता केला. श्रेय देवाला गेलं. माझी काही हरकत नव्हती.

दुसरं टोक काही महिन्यांनी आलं. या खेपेला त्याला धरायची गरज नव्हती. बसवलं तिथे तो बसायचा. नाव विचारलं तरी उत्तर यायला इतका वेळ लागायचा की मला वाटायचं, याला ऐकूच आलं नाही. पहाटे अंधारात जाग यायची आणि तीच वेळ सर्वांत वाईट असायची.

“काय वाटतंय, शांताराम?”

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “गोळीबारात माणसं गेली ना, ती माझ्यामुळे. मी भाषणं केली म्हणून ती रस्त्यावर आली.”

डिप्रेशनला लोक उदासपणा समजतात. उदास माणसाची समजूत घालता येते. शांतारामचा हा भ्रम होता, आणि तो भ्रम आहे हे त्याला सोडून सगळ्यांना दिसत होतं. मग मी पुढचा प्रश्न विचारला. तो विचारावाच लागतो. विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नवं खूळ भरत नाही.

“जिवाचं काही करून घ्यावंसं वाटतं?”

तो काहीच बोलला नाही. मी तोच होकार धरला.

साहेबांकडे गेलो. “सर, पलंग हवा.”

“रिकामा नाही. ठाण्याला पाठव.”

ठाण्याला पाठवणं म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात डांबणं, हे गिरणगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तातूंनी हात जोडले. “ठाण्याक नको, डॉक्टरानू. गावाक नेऊक काय?”

“वाटेत बोटीचा प्रवास, चहूकडे पाणी. मुळीच नाही.”

साहेब वैतागले. “मग याच्यावर अष्टौप्रहर नजर कोण ठेवणार? तू?”

मी तातूंना सहज विचारलं, “तुमच्या खोलीला कुलूप कोण लावतं?”

“कुलूप? खोली रिकामी झाली कधी, तर कुलूप लावतलंव?”

वीसेक माणसं त्या एका खोलीत राहायची. पहिल्या पाळीची माणसं निघाली की रातपाळीची येऊन त्याच वळकट्यांवर पडायची. ती उठेपर्यंत पहिली पाळी परत यायची. इस्पितळात वॉर्डाला पाळ्या लावाव्या लागतात, इथे मिलनं त्या आधीच लावून ठेवल्या होत्या. साहेबांनी नाक मुरडलं, पण त्याला खोलीवरच ठेवायची परवानगी दिली.

खोलीनं शब्द पाळला. कुणी ना कुणी सतत त्याच्याजवळ असायचं. संडासाला गेला तर दाराशी एक जण उभा. ठरल्या दिवशी त्याला शॉकसाठी घेऊन यायचे. शॉक म्हणजे डोक्याला क्षणभर वीज देण्याचा उपचार. नाव भयंकर असलं तरी अशा माणसाला त्यानं खरंच उतार पडतो. शांताराम हळूहळू घास घेऊ लागला. एकदा येताना स्वतः दाढी करून आला, तेव्हा तातूंचे डोळे भरून आले.

मी तातूंना बाजूला घेतलं. “आता जास्त जपा.”

“आता? आता तर बरो दिसता.”

“म्हणूनच. आतापर्यंत त्याला उठून चार पावलं टाकायचीही ताकद नव्हती. अंगातली ताकद आधी परत येते, डोक्यातला काळोख मागाहून जातो. मधले दिवस वाईट.”

तातूंनी मान डोलावली. त्यांना ते पटलंही असावं.

मग हरताळाची हाक आली. सगळ्या गिरण्या बंद, पाळ्या बंद, अख्खं गिरणगाव मोर्चाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तातू एकटेच आले. वरळी कोळीवाड्याच्या लोकांनी शांतारामला पाण्यातून बाहेर काढलं होतं. फार उशीर झाला होता.

मला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

“जवळ कोण होतं?”

“माझो भाचो थांबतलो होतो. तर शांतारामच म्हणालो, ‘माझ्यापायी मोर्चातलो एक माणूस कमी झालो, तर त्याचा पाप माझ्या माथ्यार. तुमी सगळे जावा.’ चांगलो बसान बोललो, डॉक्टरानू. चाय पिलो. आमका वाटला, आपलो शांताराम परत इलो.”

गोळीबाराचं पाप, मोर्चाचं पाप. आजार तोच बोलत होता. पण त्या दिवशी त्याची भाषा नेमकी सगळ्या लालबागची भाषा होती. मॅनियात त्याचं वेड चळवळीत लपलं होतं, डिप्रेशनमध्येही तिथेच लपलं. ज्यांनी इतके दिवस त्याच्या संडासाच्या दाराशी पहारा दिला, ती माणसं त्याच्या शब्दाला मान देऊन मोर्चाला गेली. दाराला लावायला कुलूपही नव्हतं, कडी नुसती ओढून घेतली.

तातू उठता उठता थांबले. “गावाक काय सांगाचा? त्याची बायल विचारतली.”

“आजारानं गेला म्हणून सांगा.”

“खोटा सांगू?”

“खोटं नाही, तातू. याच आजारानं गेला.”

तातू टोपी डोक्यावर ठेवून जिना उतरले.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं प्रॅक्टिस केली. असा पेशंट आला की गोळ्यांबद्दल बोलण्याआधी मी घरच्यांना विचारायचो, “घरातलं कुणीच नसतं, असा दिवस कोणता?”

बहुतेक जण सांगायचे, “छे, डॉक्टर, आमच्याकडे कायम कुणी ना कुणी असतंच.”

मी म्हणायचो, “लग्नकार्याला सगळे जाताच ना? मयताला? मतदानाला?” मग ती माणसं एकमेकांकडे बघायची, आणि त्यांच्यातलं एक कुणीतरी त्या दिवशी मागे राहायचं कबूल करायचं. मी त्याचं नाव विचारून घ्यायचो.