सूनमुख

सरितावहिनी आमच्या घरात आली ती पाच दिवसांत उरकलेल्या लग्नाने. त्या घाईला माझाही हातभार होता, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

१९९६च्या आषाढात आईला तापाने धरलं आणि मी सासरहून माहेरी आले. डॉक्टरांनी मान हलवली. "सूनमुख पाह्यल्याशिवाय माह्ये डोळे मिटनार नाई," आई म्हणाली. चार वर्षं लग्नाला नाही म्हणणारा माझा भाऊ तानबा विरघळला. आंजीत आमची भाजीची वाडी. तळेगावची सरिता बारावी पास होती, डी.एड.च्या यादीची वाट पाहत होती. तिच्या वडिलांना पाठच्या तीन मुली. बिनहुंड्याचं स्थळ त्यांना सोयीचंच पडलं. काढीव मुहूर्त निघाला.

तिसऱ्या दिवशी आईचा ताप उतरला. तिने माझा हात धरला. "रीते, बोलजो नको. तानबा फिरन." मी बोलले नाही. उलट बाहेर ती पाण्याच्या घोटावर असल्याचं सांगत, दार लावून तिला भाकर-ठेचा खाऊ घालत राहिले. लग्नाच्या सकाळी ती पानासाठी हटून बसली, तर तेही लावून दिलं.

मंगळसूत्र झालं. खाटेवरच्या आईसमोर मी आरसा धरला. वहिनीने आरशात पाहिलं आणि ती थबकली. मला वाटलं, लाजली.

महिन्याभरात डी.एड.ला तिचा नंबर लागला. पण सासू 'अशक्त', घर कोण बघणार? वहिनी गेली नाही. मी मात्र निवांत सेलूला सासरी परतले.

आई पुढे अकरा वर्षं जगली. वहिनी वांगी-मेथी घेऊन बाजारात बसायची. शेवटी आई खरंच अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचं हगणं-मुतणंही हिनेच काढलं.

तेरवी झाल्यावर मला राहवेना. वहिनी मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं.

"मले माहीत होतं, ताई," ती म्हणाली. "आरशात आईची जीभ लाल दिसली होती. पाण्याच्या घोटावर असलेली बाई पान कशी खाईन?"

"मंग बोलली काऊन नाई?"

तिने हातातली जुडी सोडली. "तुम्ही आरसा दाखवला तवा मंगळसूत्र झालं होतं. आधी दाखवला असता, तर बोलली असती."

ते पान मी लावलं होतं, एवढं मात्र मी तिला सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही.