मोरीसानची तलवार आणि माझं कुंकू

२००९ च्या नवरात्रापर्यंत मंदीमुळे दुबई मरीनातली आमची निम्मी बिल्डिंग रिकामी झाली होती. महेशची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी कशीबशी टिकली. फुजैरा ऑफिसातले त्याचे जपानी सीनिअर मोरीसान यांची गेली. मायदेशी जाण्याआधी ते आम्हाला घराण्यातली चारशे वर्षांची तलवार दाखवणार होते. मग ती कायमची त्यांच्या गावच्या संग्रहालयात. आजोबांनी दिली तशीच, बिनडागाची पोचवायची, एवढाच त्यांचा हट्ट होता. असा योग कोण सोडेल? शुक्रवारी सकाळी निघालो.

तुम्ही फुजैराला जाणार असाल तर धैदवरून जा, दोन तास लागतात. मसाफीच्या बाजारात गालिचेवाले "यल्ला मॅडम, लास्ट प्राइस" करत मागे लागतात. तिथे फक्त करक, म्हणजे कडक दुधाचा चहा, घ्या; एक दिरहम, म्हणजे तेरा रुपये. पुढे डोंगर संपतात आणि अचानक समुद्र, त्यात रांगेने थांबलेली जहाजं.

मोरीसानच्या फ्लॅटभर बांधलेली खोकी होती. त्यांनी एक दंतकथा सांगितली. दोन नामवंत लोहारांच्या तलवारी ओढ्यात उभ्या केल्या. एकीने वाहत आलेलं प्रत्येक पान कापलं, दुसरीला पानं वळसा घालून गेली. श्रेष्ठ ठरली दुसरी, विनाकारण न कापणारी. आपल्याकडे पहिलीलाच बक्षीस मिळालं असतं, असं महेश माझ्या कानात पुटपुटला.

मग श्वासाची वाफ पात्यावर जाऊ नये म्हणून त्यांनी ओठांत कागद धरला आणि तलवारीला वाकून नमस्कार केला. झालं! मला आपली खंडेनवमीच आठवली. पर्समध्ये कुंकवाची डबी होतीच. समोरच्या पाण्याच्या ग्लासात बोट बुडवलं, कुंकवात टेकवलं आणि थेट पात्यावर लावलं.

"आई, डोन्ट टच!" आमची नऊ वर्षांची सई ओरडली, पण उशीर झाला होता.

मोरीसानचा चेहरा उतरला. त्यांनी पातं पुसलं, पॉलिशची बारीक भुकटी लावली, मग लवंगेचं तेल. ओल्या बोटानेही गंज धरतो म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, रडूच आलं. आम्ही वर्षातून एकदा हत्यारं, गाडी, कॉम्प्युटरसुद्धा पुजतो, असं मी कसंबसं सांगितलं.

"कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"ज्याच्यावर पोट चालतं, त्याला नमस्कार म्हणून."

त्यांनी मान हलवली आणि तलवार म्यानात सरकवली.

डिसेंबरात त्यांचा मेल आला. पात्यावर बोटाएवढा पुसट डाग उमटला होता. पॉलिशने जाईल, पण दर पॉलिशला पातं झिजतं, म्हणून त्यांनी नको म्हटलं. संग्रहालयाच्या नोंदीत त्यांनी लिहून घेतलं होतं: "डाग: एका भारतीय बाईने केलेला नमस्कार."

पुढच्या वर्षी आम्हीही गाशा गुंडाळून पुण्याला आलो. सात वर्षं राहून दुबईत आमची कसलीच खूण उरली नाही; जपानमधल्या त्या गावात मात्र आहे. लाज वाटते. आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटतं.