सावली विकलेली सुईण आणि आमचं मंडळ

पुस्तकं कपाटात बसून राहतात, किस्से मात्र चपला घालून घरोघर फिरतात. आमच्या समा भागातल्या बायकांच्या वाचक मंडळाच्या ह्या किश्श्याचं असंच झालंय. दर शनिवारी दुपारी एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी उंधियूच्या भाजीची पापडी सोलत ऐकायचं. मी शाळा पाहिली चौथीपर्यंत. पुढचं सगळं स्वतः वाचून शिकले, त्यामुळे कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही!

*

पुस्तकांच्या प्रदर्शनात मी एक जाडजूड ग्राफिक कादंबरी उचलली. सगळी काळ्या शाईतली चित्रं. नवऱ्यानं परस्पर विकलेली आपली सावली परत आणायला एक सुईण पाताळात उतरते, ही गोष्ट.

विक्रेता घाबरला. "आजी, नातवाला देऊ नका हं! फक्त प्रौढांसाठी आहे."

"मग मी काय बालमंदिरातून आले?"

त्यानं पुस्तक पिशवीत घालून दिलं.

*

मंडळात पहिल्यांदा वाचायची पाळी नलूची. तिनं आपली चित्रं सोडून फक्त अक्षरं वाचली. "कोण आहे?... मी... ऊं ऊं... धप्प!" मग पानं उलटतच राहिली.

"पुढे?"

"पुढे कुणी बोलतच नाहीये!"

आमच्या अध्यक्ष मालतीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी निकाल दिला, "जे मोठ्यानं वाचता येत नाही, ते पुस्तकच नव्हे! कपाटात ठेवायचं की काढून टाकायचं, महिनाअखेर हात वर करून ठरवू."

"ते गेलं तर मीही गेले समजा!" मी म्हटलं. ह्या मंडळाशिवाय मला जायला दुसरं ठिकाण नाही, हे मात्र बोलले नाही.

*

पुढच्या शनिवारी पुस्तक मी घेतलं आणि चित्रंच वाचायला लागले. "अख्खं पान काळंकुट्ट. खाली कोपऱ्यात तेवढी तिची टाच. पांढरी, भेगाळलेली. म्हणजे बाई अंधारात शिरलीसुद्धा!"

पापडी सोलणारे हात थांबले. मग पाताळाचं दार अडवणारी राक्षसीण आली. कमरेवर हात, डोळे वटारलेले. शेजारच्या गुजराती हंसाबेन ओरडल्या, "अरे, आ तो मारी सासू!"

त्या दिवसापासून हंसाबेन माझ्या बाजूच्या.

*

नलूला एका पानावरची उघडी चेटकीण खटकली. "घरी जावई असतो हो, कमळाताई!"

"जावयाला वाचायला सांगितलंय कुणी? चार बाळंतपणं झाली तुझी नलू, आता चित्रातल्या पाठीला लाजतेस?"

त्या पानावरून नलूनं बराच वेळ नजर काढली नाही. लाज बहुतेक नीट तपासून पाहत होती!

*

मालतीबाईंनी लाल पेन काढून चूक शोधली. "चित्रकार अगदी कच्चा! सगळ्यांच्या सावल्या काढल्यात, सुईणीचीच विसरला. पानोपानी!"

मग हंसाबेन हळूच म्हणाल्या, "बेन, एनी सावली तर नवऱ्यानं विकली ने!"

चित्रकारानं अख्ख्या पुस्तकभर तिला सावलीशिवाय चालवलंय, आणि एका शब्दानं सांगितलेलं नाही. याला म्हणतात हिंमत! लाल पेन पर्समध्ये परत गेलं.

*

आणि तो हात वर करायचा शनिवार. सगळ्याजणी हजर. मालतीबाई उभ्या राहिल्या. "आधी यातली किळस सगळ्यांना दाखवते. मग ठरवा." त्यांनी शेवटचा भाग उघडला.

"ही पाताळाची राणी. लोकांच्या सावल्या उशीत भरून झोपते. शी!"

पान उलटलं.

"ही सुईण बया रांगत पलंगापाशी जाते. दातांनी उशी उसवते."

पान उलटलं. मालतीबाई खाली बसल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"सगळ्या सावल्या सारख्याच दिसतात गं... आपली कुठली, हे ओळखणार कशी ती? हां! ही वाकलीय बघा, बाळंतिणीपाशी वाकतात तशी. आपल्या सुईणीचीच ही! घे, घे गं उचलून..."

चहावर साय धरली. कुणी कपाला हात लावला नाही. राणीनं एक डोळा उघडला, सुईण सावली घेऊन दाराकडे पळाली, तशी हंसाबेननी माझं मनगट धरलं.

नलूनं घड्याळ बघितलं. भीत भीत म्हणाली, "मालतीबाई, ते हात वर करायचे राहिलेत..."

मालतीबाईंनी मानसुद्धा वर केली नाही.

"गप्प बस गं! ती अजून दारातच उभी आहे!"