आडावरचा माणूस आम्हीच निवडला

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. पाटोद्याहून तहसीलदार आमच्या गावात पंच नेमायला आले. गावानं मंजुरी द्यायची, अशी दवंडी पिटली होती. नावं पाटलानं आधीच ठरवली होती: त्याचा भाऊ, मेहुणा आणि त्याच्या शब्दाबाहेर न जाणारी माणसं.

या पंचांच्या हाती गावचा आड जाणार होता. मागच्या उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं, तेव्हा हाच मेहुणा आडावर बसला, पाटलाची गुरं आधी पाजली आणि आम्ही बाया घागरी घेऊन दुपारभर उन्हात उभ्या. गाळ उपसायला मात्र आम्हीच. पुरुषांपैकी एक माळी तेवढा आमच्याबरोबर आडात उतरला होता. आम्हांला तो पंच हवा होता.

पुरुष चावडीपुढं बसले होते, आम्ही देवळाच्या भिंतीआड. तहसीलदारांनी नावं वाचली आणि विचारलं, "किसी को एतराज है?"

कुणी मान वर केली नाही. आमचे मालकसुद्धा जमिनीकडं बघत बसले होते. मला राहवलं नाही. मी भिंतीमागून पुढं आले.

"मला मंजूर न्हाई."

पाटील ओरडला, "घरी जा! बायांचं मत कवापासून घ्यायला लागले?"

"पानी बाया आनत्यात. आडावर कोन बसनार, ते बायांनी न्हाई तर कुनी ठरवायचं? आमाला माळीदादा पायजे."

मालक उठून जवळ आले. "चल घरी," ते हळूच म्हणाले.

"तुमी बसा. मी हितंच उबी ऱ्हाते."

मी जागची हलले नाही. मग माझी जाऊ येऊन शेजारी उभी राहिली. तिच्यामागं सुताराची सून, तेलीण, आणखी कितीतरी. "औरतों की गिनती नहीं होती," असं म्हणून तहसीलदारांनी पाटलाचीच नावं लिहून घेतली आणि घोड्यावर बसून निघून गेले.

घरी मालक जेवताना म्हणाले, "मला बी उटायचं व्हतं."

"मग कावून उटला न्हाईत?"

त्यांनी भाकरी मोडून तशीच ताटात ठेवली.

सकाळी मेहुणा आडावर येऊन बसला. आम्ही घागरी खाली ठेवल्या आणि रहाटाला हात लावला नाही. "सरकारनं नेमलंय मला," तो म्हणाला.

"मग सरकारलाच पानी शेंदून दे," जाऊ म्हणाली.

त्याच दिवशी आम्ही देवळात एक मडकं ठेवलं आणि तोंडावर फडकं बांधून हात जाण्यापुरती फट ठेवली. माळी पाहिजे त्यानं ज्वारीचा दाणा टाकायचा, मेहुणा पाहिजे त्यानं तुरीचा. मूठ मिटून यायचं, कुणी कुणाला विचारायचं नाही. आधी बायाच आल्या. मग पुरुष येऊ लागले. मालक आले आणि माझ्याकडं न बघता मडक्यात हात घालून गेले. संध्याकाळी पाटलाची धाकटी सूनसुद्धा मूठ मिटून आली. आम्ही बाजूला सरून तिला वाट दिली.

मडकं देवळाच्या पायरीवर सगळ्यांसमोर उपडं केलं. तूर शोधून काढावी लागली.

पाटील दुसऱ्या दिवशी दारोदार फिरला. "तू काय टाकलंस?" म्हणून दरडावत होता. कुणी सांगितलं नाही. भांडखोर माणसांनीही तेवढ्यापुरतं तोंड शिवलं. आपल्या घरातून काय पडलं, ते तर त्याला कधीच कळलं नाही.

माळीदादा आडावर बसू लागले. त्यांच्याकडं सरकारी कागद नव्हता. मेहुणा एकदा त्यांना उठवायला आला, तेव्हा पाण्याला आलेल्या सगळ्या बाया आडाभोवती दाटून उभ्या राहिल्या. त्याला पुढं यायला वाटच उरली नाही.